अकरावीला गणित ठेवावं की सोडावं? मुलीला बी.फार्म करायचं आहे

बार्शीचा_मेडिकलवाला:
नमस्कार मंडळी. बार्शीत माझं छोटं मेडिकल आहे, मी स्वतः डी.फार्म. मुलगी यंदा दहावी झाली; विज्ञानात ८४, गणितात ६१. 'नीट' (डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) द्यायची नाही हे ती स्वच्छ सांगते. बी.फार्म करून कंपनीत जायचं म्हणते. अकरावीचे विषय भरायचेत. कॉलेजातले सर म्हणाले, "फार्मसीला गणित लागत नाही. बायो घ्या, गणिताऐवजी भूगोल घ्या, मार्क पडतात." मेव्हणा इंजिनिअर, त्याचं म्हणणं गणित सोडलं की संपलं सगळं. घरात रोज वाद. कुणी फार्मसी कॉलेजात शिकवत असेल तर सांगा.

फार्मास्युटिक्स_मॅडम:
दादा, पात्रतेपुरतं सरांचं खरं आहे. भौतिक आणि रसायन हवंच, सोबत गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक असलं तरी चालतं. पण प्रवेश मिळाला म्हणजे वर्गात कळेलच असं नाही.

पहिल्या सेमिस्टरला पीसीबीवाल्यांना (भौतिक, रसायन, बायो) रेमेडियल मॅथ्स, म्हणजे राहिलेली उणीव भरून काढणारं गणित, असतं आणि पीसीएमवाल्यांना (भौतिक, रसायन, गणित) तसंच रेमेडियल बायोलॉजी. दोन्ही विषय केलेल्यांना दोन्हींतून सुटका. या रेमेडियल मॅथ्सला एकूण ३० तास, आणि त्यात लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन, वर लाप्लास ट्रान्सफॉर्म! बारावीला गणित न केलेली पोरं ते पाठ करतात, पास होतात आणि विसरतात. बायोचं तसं होत नाही. अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी (शरीराची रचना आणि काम) आम्ही पेशीपासून शिकवतो, तेही दोन सेमिस्टर.

खरी गोची सहाव्या सेमिस्टरला, फार्माकोकायनेटिक्समध्ये, म्हणजे औषध शरीरात किती आणि कसं उरतं याच्या हिशेबात. समजा ५०० मिग्रॅ औषध शिरेतून दिलं आणि व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्यूशन (औषध जणू जेवढ्या द्रवात पसरलंय असं धरतात ते माप) २५ लिटर आहे. म्हणजे सुरुवातीला लिटरला २० मिग्रॅ. हाफ-लाइफ (औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) ४ तास असेल तर ८ तासांनी ५ उरतं, हे सगळा वर्ग ओरडून सांगतो. ६ तासांनी किती, म्हटलं की माना खाली. कुणीतरी साडेसात सांगतंच. उत्तर साधारण ७.१ आहे, कारण औषध सरळ रेषेत उतरत नाही. तिथे लॉग लागतो. आणि आठव्या सेमिस्टरला बायोस्टॅटिस्टिक्स (संख्याशास्त्र) वाट बघत असतं.

म्हणून माझं मत: भूगोल नको, गणित आणि बायो दोन्ही ठेवा. सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) मात्र पीसीबीतून द्या. तिथे बायोचे १०० प्रश्न एकेका गुणाचे, तर पीसीएममध्ये गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. ६१ वाल्या मुलीला बायोच सोपं जाईल, आणि बी.फार्मला दोन्ही ग्रुप चालतात. गणित बोर्डापुरतं करायचं, पण नीट समजून.

थर्ड_इयर_चालू:
मॅडमशी अर्धा सहमत. मी पीसीबीवालाच. रेमेडियल निघालं, पुढचंही निघतंय. पण आमच्या बॅचची वाट लावली ती ऑरगॅनिक केमिस्ट्रीने. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या अशा सलग तीन सेमिस्टरला आहे, आणि चौथ्यापासून मेडिसिनल केमिस्ट्री (औषधांचं रसायन) सुरू होते. बारावीला रिअॅक्शन रट्टा मारून आलेले तिथेच गळाले. काका, चौथ्या विषयावरून घरात भांडण्यापेक्षा केमिस्ट्रीचा मास्तर चांगला शोधा. आणि चारही सायन्स विषय म्हणजे जर्नलं आणि प्रॅक्टिकल किती, तेही तिला आधीच सांगा.

फार्मास्युटिक्स_मॅडम:
केमिस्ट्रीचं अगदी बरोबर. जर्नलांचं रडगाणं मात्र दर वर्षी ऐकते.

बार्शीचा_मेडिकलवाला:
आभारी आहे. काउंटरवर माझं सगळं त्रैराशिकावर भागतं, त्यामुळे लॉगपर्यंत डोकं गेलंच नव्हतं. मुलीला दोन्ही उत्तरं वाचायला दिली. भूगोल गेल्याचं तिला वाईट वाटलं, पण चारही विषय भरतेय. आता सीईटीसाठी लातूरला क्लासला ठेवावं का?

फार्मास्युटिक्स_मॅडम:
'नीट' नाही ना द्यायची? मग एवढ्यासाठी घर सोडायला लावू नका. सीईटीत साधारण ८० टक्के प्रश्न बारावीचे आणि २० टक्के अकरावीचे. चुकीला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. अकरावीचे सगळे धडे नसतात, निवडक असतात. त्यांची यादी सीईटी सेलच्या साइटवर मिळते. तेवढे धडे यंदाच बालभारतीच्या पुस्तकातून पक्के करून घ्या, बारावीत मागे वळायला वेळ मिळत नाही.