चार्ल्स्टन: कोळंबी, कण्या आणि टोपल्या
अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनामधल्या चार्ल्स्टनला दोन दिवसांत काय करावं असं कुणी विचारलं, की सगळे रेनबो रो ही रंगीत जुन्या घरांची ओळ नि फोर्ट समटर हा किल्लाच सांगतात. बघा की, पण पोटाचं काय? श्रिम्प अँड ग्रिट्स चुकवू नका. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्याच, लोणी घालून मऊ शिजवलेल्या, वर परतलेली कोळंबी. आईने पहिल्या घासाला "लसणीची फोडणी हवी होती" म्हटलं नि ताटली चाटूनपुसून संपवली. शी-क्रॅब म्हणजे मादी खेकडा; त्याच्या सूपमध्ये खेकड्याची गाभोळी असते.

सिटी मार्केटात गला (इथल्या किनाऱ्यावरचा, आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचा समाज) बायका गवताची वेटोळी एकमेकांना शिवत टोपल्या करतात. किंमत ऐकून दचकाल, पण घासाघीस नको. ही कला पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांची. अशाच टोपल्यांत इथला भात पाखडला जाई.

जुलै-ऑगस्ट मात्र टाळा, कोकणातल्या मे महिन्यासारखा घाम निथळतो.