एनएफएल ड्राफ्टची पहिली फेरी: आधी 32 नावं की आधी 32 जोड्या?

गोलरेषा

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग, आणि ड्राफ्टमध्ये तिचे संघ आळीपाळीनं कॉलेजचे नवे खेळाडू निवडतात. आपल्या इथल्या स्पर्धेत आपण पहिल्या फेरीचा अंदाज, म्हणजे मॉक ड्राफ्ट, लिहितो: कोण जाणार आणि कोणत्या संघाकडे (खेळाडू-संघ जोडी). तो करताना बहुतेक जण एक नंबरच्या संघापासून सुरू करतात. संघात काय कमी आहे ते बघायचं, त्या जागेचा खेळाडू चिकटवायचा आणि असं करत 32 पर्यंत उतरायचं. माझ्या मते ही पद्धतच उलटी आहे. पाचव्या जागेवर अंदाज चुकला की तुम्ही तिथे लिहिलेला खेळाडू सुटतो आणि तो सातव्या नाहीतर नवव्या संघाचं गणित बिघडवतो. मग बाराव्या जागेनंतर आपण अंदाज करत नसतो, नुसते रकाने भरत असतो.

मी सुचवतोय ते असं. आधी साधारण 45 नावांचा गट करा. त्यातली वीसेक नावं अशी असतात की ती पहिल्या फेरीबाहेर जायला काहीतरी मोठं बिनसावं लागतं. उरलेल्या 25 मधून 12 निवडायची, हीच खरी परीक्षा. संघांशी जोड्या लावायच्या त्या नंतर, आणि तेही जिथे ठोस कारण आहे तिथेच.

गट झाला की मैदानावरच्या जागांनुसार मोजणी करा. 2021 ते 2025 मध्ये पहिल्या फेरीत गेलेले क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारे, पास फेकणारे) अनुक्रमे 5, 1, 3, 6 आणि 2. म्हणजे "दरवर्षी तीन-चार जातातच" हे गृहीत धरणं चूक. आक्रमक फळीचे लाइनमन मात्र जास्त भरवशाचे: 2024 मध्ये 9, 2025 मध्ये 8. तुमच्या यादीत पाचच लाइनमन असतील तर कुठेतरी गडबड आहे, परत बघा. सेफ्टी (बचावात सगळ्यात मागे उभे राहणारे) 2024 मध्ये एकही नाही, 2025 मध्ये फक्त मलाकाय स्टार्क्स, तोही 27व्या क्रमांकावर. तीन सेफ्टी घातले असतील तर दोन आत्ताच काढा.

आणि ट्रेडचे, म्हणजे संघांनी आपसात निवडीच्या जागा बदलण्याचे, अंदाज बांधू नका. एक ट्रेड चुकला तर दोन संघ चुकतात.

चौथा_डाव

असहमत, आणि कारण तुमच्याच हिशोबात आहे. आपली गुणपद्धत बघा: खेळाडू पहिल्या फेरीत गेला तर 1 गुण, संघही बरोबर असेल तर आणखी 2. एकूण 96. त्यातले नावांचे 32, जोड्यांचे 64. नावं सगळ्यांचीच जवळपास सारखी येतात, पंचवीस-सव्वीस तरी जमतातच. वर-खाली होतं ते जोड्यांमुळे. आणि तुम्ही नेमक्या त्याच शेवटी ठेवायला सांगताय!

ट्रेडचं म्हणाल तर ते आभाळातून पडत नाहीत. प्रत्येक निवडीच्या जागेची किंमत गुणांत सांगणारा प्रशिक्षक जिमी जॉन्सनचा जुना तक्ता अजून उपयोगी पडतो: 1 नंबरला 3000, 2 ला 2600, 5 ला 1700, 10 ला 1300, 16 ला 1000, 25 ला 720, 32 ला 590. आता 2025 चा जायंट्सचा सौदा घ्या. क्वार्टरबॅक जॅक्सन डार्टसाठी ते 34 वरून 25 वर आले. दिलं काय? 34 वी जागा (560), 99 वी (साधारण 104) आणि 2026 ची तिसरी फेरी. पुढच्या वर्षीची जागा एक फेरी खाली धरायची हा जुना रिवाज. म्हणजे ती चौथ्या फेरीची, साठेक गुणांची. बेरीज 724. घेतलं 720 चं. इतकं चपखल बसतं.

त्याच वर्षी जॅग्वार्स ट्रॅव्हिस हंटरसाठी 5 वरून 2 वर गेले. 5 वी आणि 36 वी मिळून 2240. वर 2026 ची पहिली फेरी गेली, ती दुसऱ्या फेरीची मधली म्हणून 420 धरा. झाले 2660. किरकोळ जागा दोन्हीकडून गेल्या. 2 नंबरची जागा देणाऱ्या ब्राउन्सना तक्त्याप्रमाणेच मोबदला मिळाला, बाहेर आरडाओरडा झाला तो पहिल्या फेरीच्या नावाला.

त्यामुळे पद्धत अशी: क्वार्टरबॅक हवा असलेला कोणता संघ 33 ते 40 मध्ये बसलाय आणि त्याच्याकडे तिसऱ्या फेरीची जागा शिल्लक आहे का, हे बघा. असेल तर 25 ते 32 मधला एक ट्रेड लिहून टाका.

शंकासुर

तक्ता जुळतो तो सौदा झाल्यावर, हो. आदल्या दिवशी तो सौदा कोण करणार हे तक्ता सांगत नाही. भावाची पाटी वाचून गिऱ्हाईक ओळखता येत नाही.

तिसरी_घंटा

दोघांच्याही हातून एक गोष्ट सुटतेय. "गरज" म्हणजे काय ते कोणीच नीट सांगितलेलं नाही.

मॉक करणारे गरज म्हणजे आज मैदानात असलेलं खिंडार समजतात. संघांचं व्यवस्थापन करार बघतं. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार 4 वर्षांचा, वर पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात. तेव्हा प्रश्न "या सप्टेंबरात कोण खेळणार" हा नसून "दोन वर्षांनी या जागेवर कोणाला किती पैसे मोजावे लागतील" हा असतो. म्हणून प्रत्येक संघाचे पुढच्या दोन हंगामांत संपणारे करार काढा, त्यात क्वार्टरबॅक, टॅकल (आक्रमक फळीच्या टोकाचा लाइनमन), एज रशर (कडेनं क्वार्टरबॅकवर धावून जाणारा), कॉर्नर (रिसीव्हरला रोखणारा) आणि रिसीव्हर (पास झेलणारा) या महागड्या जागांवर खूण करा. सध्याचा खेळाडू चांगला असला तरी खूण करायचीच.

2024 ची फाल्कन्सची निवड याच चुकीमुळे सगळ्यांना "धक्कादायक" वाटली. मार्चमध्ये कर्क कझिन्सला 4 वर्षांसाठी 18 कोटी डॉलर्सचा करार दिला, म्हणून क्वार्टरबॅक हा रकाना सगळ्यांनी खोडला आणि आठव्या क्रमांकावर बचावाचा खेळाडू लिहिला. गेला मायकेल पेनिक्स ज्युनिअर, क्वार्टरबॅकच. त्या वर्षी पहिल्या 12 मध्ये 6 क्वार्टरबॅक गेले, बचावाचा पहिला खेळाडू थेट 15 व्या क्रमांकावर, लायाटू लाटू.

पैशाचा फरक बघा. 2025 चा पहिला खेळाडू कॅम वॉर्ड, त्याचा 4 वर्षांचा पूर्ण करार 4.9 कोटी डॉलर्सच्याही आत. जुना-जाणता क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटची एका वर्षाची सरासरी 6 कोटी. लीग आणि खेळाडू संघटनेच्या 2011 च्या करारापासून नवख्यांचं वेतन जागेनुसार बांधलेलं आहे, त्यामुळे क्वार्टरबॅक चुकला तरी संघ खड्ड्यात जात नाही. म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या फेरीच्या लायकीचा क्वार्टरबॅकही पहिल्या फेरीत ओढला जातो.

शंकासुर

घंटाताई, मग 2025 च्या क्वार्टरबॅक शेदूर सँडर्सचं काय? या न्यायानं तो पहिल्या फेरीत जायलाच हवा होता. किती मॉकमध्ये तो 21 व्या क्रमांकावर स्टीलर्सच्या नावे बसला होता! स्टीलर्सनी घेतला डेरिक हार्मन. सँडर्स 144 वा, पाचव्या फेरीत, आणि ज्या ब्राउन्सनी घेतला त्यांनी आधी 94 व्या क्रमांकावर डिलन गेब्रिएल हा दुसरा क्वार्टरबॅक घेऊन ठेवला होता.

2022 चा क्वार्टरबॅक मलिक विलिस आठवून बघा. पहिल्या फेरीत एकटा केनी पिकेट गेला, विलिस 86 वर. 2023 चा क्वार्टरबॅक विल लेविस तर कहरच. रेडिटवरच्या एका निनावी पोस्टवरून लोकांनी तो एक नंबरला जाईल म्हणून पैसे लावले. गेला 33 वा. एप्रिल महिना खोट्या बातम्यांचा असतो. ज्याला खेळाडू हवा असतो तो गप्प बसतो, ज्याला दुसऱ्यानं घ्यावा असं वाटतं तो बोलतो. या धुरात करार मोजून काय होणार?

तिसरी_घंटा

पहिल्या फेरीत "ओढला जातो" म्हणजे कोणीही ओढला जातो असं नव्हे. किमान एका संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला तो आपल्या पद्धतीत बसणारा वाटावा लागतो. 32 पैकी एक पुरतो, पण तो एक लागतोच. सँडर्सच्या बाबतीत तो एक संघ नावानिशी दाखवता येत नव्हता, स्टीलर्स ही निव्वळ गरजेवरून काढलेली जोडी होती. डार्टसाठी मात्र जायंट्स दिसत होते. त्यामुळे माझा नियम: क्वार्टरबॅकच्या नावापुढे दोन संघ कारणासह लिहिता आले नाहीत तर त्याला पहिल्या फेरीत घालू नका.

पन्नास_यार्ड

धुराबद्दल शंकासुरांशी सहमत, पण सगळंच धूर नसतं. कोणत्या बातमीला किती वजन द्यायचं ते ठरवता येतं.

प्रत्येक संघाला आपल्या केंद्रावर 30 खेळाडू बोलावता येतात. ही भेट चांगली खूण, पण अर्थ दोन निघतात: आवड तरी असते नाहीतर शंका. वैद्यकीय अहवाल तपासायला किंवा वागणुकीबद्दल विचारायलाही बोलावतात. पहिल्या पाचात जाणाऱ्या खेळाडूला 20 व्या संघानं बोलावलं तर त्याला फारसा अर्थ नाही. याउलट 40-50 च्या आसपास गणल्या जाणाऱ्या खेळाडूला 20 ते 32 मधल्या चार संघांनी बोलावलं, तर त्याला यादीत घ्या.

सर्वात कमी दिसते आणि सर्वात जास्त नडते ती वैद्यकीय बाजू. इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या सामूहिक चाचणीत) तपासण्या होतात, गरज पडली तर एप्रिलमध्ये फेरतपासणी. 2025 चा मिशिगनचा कॉर्नर विल जॉन्सन कित्येक याद्यांत पहिल्या पंधरात होता. गुडघ्याबद्दलची शंका बाहेर आली ती अगदी शेवटी, आणि तो 47 वर गेला. त्याच वर्षी जॉश सिमन्सच्या गुडघ्याचा पटेला टेंडन ऑक्टोबरमध्येच फाटला होता, सगळ्यांना ठाऊक होतं, तरी चीफ्सनी 32 व्या क्रमांकावर घेतला. उघड झालेली दुखापत संघांनी आधीच हिशोबात धरलेली असते. भीती असते ती बरी झाली म्हणून सांगितलेल्या पण झिजत चाललेल्या सांध्याची.

मोजमापांत जागेनुसार भेद करा. एज रशरला शरीरयष्टी आणि वेग आकडेवारीपेक्षा जास्त तारतात. शेमार स्टुअर्टचे तीन हंगामांत मिळून 4.5 सॅक (क्वार्टरबॅकला पास फेकण्याआधी पाडणं), पण 267 पौंड वजनाला 40 यार्ड 4.59 सेकंदांत. बेंगल्सनी 17 व्या क्रमांकावर उचलला. 2022 चा एक नंबर ट्रॅव्हन वॉकर हाच नमुना. टॅकलच्या हाताच्या लांबीवर मात्र नको तितकी चर्चा होते. विल कॅम्पबेलचा हात कंबाइनमध्ये 33 इंचांना जरा कमी भरला, लगेच "हा गार्ड होणार", म्हणजे टॅकल सोडून फळीत आत खेळणार, असं सुरू झालं. पेट्रियट्सनी चौथ्या क्रमांकावर घेतला आणि लेफ्ट टॅकललाच उभा केला.

गोलरेषा

पन्नास_यार्ड, तुम्ही माझाच मुद्दा पक्का केलात. भेटी, गुडघे, मोजमापं, या सगळ्यातून कळतं ते *नाव* पहिल्या फेरीत जाणार की नाही. *कोणाकडे* हे क्वचितच कळतं.

चौथा_डाव, नावं सगळ्यांची सारखी येतात हे खरं नाही. सोपी वीस सारखी येतात. 2022 मध्ये पेट्रियट्सनी 29 व्या क्रमांकावर कोल स्ट्रेंज हा गार्ड घेतला तेव्हा कितीजणांच्या यादीत तो होता? 20 च्या पुढे प्रत्येक संघाची यादी वेगळी होते, कारण पहिल्या फेरीच्या लायकीचे म्हणून संघ स्वतः बहुतेकदा पंधरा-वीसच खेळाडू धरतात. उरलेल्या डझनभर जागांवर दुसऱ्या फेरीचेच खेळाडू जातात. तिथे जोडी लावणं म्हणजे अंधारात दगड.

चौथा_डाव

अंधारात नाही, संघाच्या सवयी असतात की.

शंकासुर

सवयी? "पॅकर्स पहिल्या फेरीत रिसीव्हर घेत नाहीत" हे 2002 च्या जॅव्हॉन वॉकरपासून वेदवाक्य होतं. 2025 मध्ये ड्राफ्ट त्यांच्याच ग्रीन बेमध्ये, आणि 23 व्या क्रमांकावर मॅथ्यू गोल्डन. रिसीव्हर!

चौथा_डाव

मान्य. पण वीसेक वर्षं त्या सवयीनं गुण दिले, एकदा खाल्ले. हा व्यवहार तोट्याचा नाही.

आणि शेवटच्या जागांच्या ट्रेडला "अंधार" म्हणू नका, तिथेच तर कारण स्पष्ट असतं. पाचव्या वर्षाचा पर्याय फक्त पहिल्या फेरीला आहे. 2018 मध्ये रेव्हन्सनी 32 व्या जागेसाठी ट्रेड करून क्वार्टरबॅक लमार जॅक्सनला घेतलं. 2024 मध्ये पँथर्स एकच पायरी चढले, 33 वरून 32, झेव्हियर लेगेटसाठी. 32 आणि 33 मध्ये तक्त्यानुसार 10 गुणांचा फरक, करारात आख्ख्या वर्षाचा. 33 वर बसलेल्या संघाची आवड कळली तर ती जोडी लिहायलाच हवी.

तिसरी_घंटा

हे पटलं. मात्र वरच्या जागांवर ट्रेड लिहू नये. हंटरसाठी जॅग्वार्स वर जातील हे आदल्या रात्रीपर्यंत किती मॉकमध्ये होतं? मी म्हणेन, पहिल्या दहात ट्रेड शून्य, 25 नंतर जास्तीत जास्त दोन.

गोलरेषा

दोन नाही, एक. आणि तोही क्वार्टरबॅकसाठी असेल तरच.

पन्नास_यार्ड

वाद चालू द्या, पण त्याआधी नियमातला एक खड्डा बुजवा. जोडीचे 2 गुण देताना क्रमांक बघायचा का? समजा मी जायंट्स-डार्ट ही जोडी 34 वरून ट्रेड न दाखवता त्यांच्या आधीच्या तिसऱ्या जागेवर लिहिली असती. संघ बरोबर, खेळाडू बरोबर, क्रमांक चूक.

गोलरेषा

क्रमांक बघायचा नाही. संघ आणि खेळाडू जुळले की 2. पण एका संघाच्या नावे त्याच्या हातातल्या जागांपेक्षा जास्त खेळाडू लिहिले तर जादाचा ट्रेड कोणाशी ते लिहावं लागेल, नाहीतर ती जोडी बाद. यंदा (2026) पिट्सबर्गला 23 एप्रिलच्या रात्री तिथल्या 8 वाजता सुरू होतंय, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे 5:30. यादी 5 च्या आत इथे टाका. नंतर बदललेली धरणार नाही.

शंकासुर

5:25 ला संघ स्वतः बदलतात, आणि आम्ही 5 ला गोठायचं. बरं.