मदत हवी आहे: कार्निव्हलची विक्री २०२३ मध्येच २०१९ च्या पुढे गेली, मग नफा कुठे अडकला?

नोंदवही:
नमस्कार मंडळी. एम.कॉम.च्या प्रकल्पासाठी ‘कोविडनंतर क्रूझ कंपन्या आर्थिकदृष्ट्या सावरल्या का’ हा विषय घेतला आहे. सुरुवात कार्निव्हल कॉर्पोरेशनपासून केली. आकडे अब्ज डॉलरमध्ये, आधी विक्री, मग निव्वळ नफा किंवा तोटा:

२०१९: २०.८, नफा ३.०
२०२०: ५.६, तोटा १०.२
२०२१: १.९, तोटा ९.५
२०२२: १२.२, तोटा ६.१
२०२३: २१.६, तोटा ०.०७
२०२४: २५.०, नफा १.९

अडलेय ते असे. २०२३ ला विक्री २०१९ पेक्षा जास्त, तरी तोटा का? अहवालात जहाजे १०५ टक्के, १०७ टक्के भरलेली दाखवतात, ते कसे शक्य आहे? प्रवाशांच्या आगाऊ रकमा देण्यांच्या बाजूला आहेत, मग त्या वाढल्याची बातमी कंपनी आनंदाने का देते? आणि शेवटी, ‘सावरली’ असे लिहायचे तर कोणत्या आकड्यावर बोट ठेवून लिहायचे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ताळेबंद:
आकडे बरोबर आहेत. फक्त निव्वळ नफ्यावर थेट उडी मारू नका, मधल्या ओळी उघडा. २०१९ ला कामकाजाचा नफा, म्हणजे व्याज आणि कर वजा करण्याआधीचा, साधारण ३.३ अब्ज होता आणि व्याज होते जेमतेम ०.२ अब्ज. २०२३ ला कामकाजाचा नफा सुमारे १.९६ अब्ज आणि व्याज सुमारे २.०७ अब्ज. म्हणजे जहाजे चालवून जे मिळाले ते सगळे सावकाराच्या घरी गेले, वर थोडे कमीच पडले. व्याज दहा पट झाले, हे तुमच्या प्रकल्पाचे मधले वाक्य असायला हवे.

हे व्याज आले कुठून? १४ मार्च २०२० ला अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रण संस्थेने) नौकानयनबंदीचा आदेश काढला. अमेरिकी बंदरांतून प्रवासी घेऊन पुन्हा निघायला जून २०२१ उजाडला. अमेरिकी सरकारच्या मदत योजनेत मोठ्या क्रूझ कंपन्या बसल्या नाहीत, कारण तेव्हा कार्निव्हलची नोंदणी पनामाची, रॉयल कॅरिबियनची लायबेरियाची, नॉर्वेजियनची बर्म्युडाची. त्या नोंदणीमुळे वर्षानुवर्षे कर वाचला, पण अडचणीच्या वेळी सरकारचे दार बंद राहिले. उरला रोखेबाजार. एप्रिल २०२० मध्ये कार्निव्हलने जहाजे तारण ठेवून ११.५ टक्क्यांनी ४ अब्ज उचलले, सोबत ५.७५ टक्क्यांचे परिवर्तनीय (पुढे समभागांत बदलता येणारे) रोखे काढले आणि ८ डॉलर भावाने नवे समभागही विकले. पुढच्याच महिन्यात रॉयल कॅरिबियनचे तारणी रोखे १०.८७५ आणि ११.५ टक्क्यांनी गेले. तारण देऊनही हा दर, यावरून बाजाराला किती धास्ती होती ते कळते.

व्याजाच्या ओळीत आणखी एक खाच आहे. जुलै २०२१ मध्ये कार्निव्हलने ४ टक्क्यांचे नवे तारणी रोखे काढून त्या ११.५ टक्केवाल्यांपैकी बरेच फेडले. इथे सुटका झाली असे वाटते. पण २०२२ ला फेडरल रिझर्व्हने दर चढवले आणि त्या ऑक्टोबरला याच कंपनीला १०.३७५ टक्के मोजावे लागले, तेही बोजा नसलेली, म्हणजे आधी तारण न ठेवलेली १२ जहाजे वेगळ्या उपकंपनीत टाकून. म्हणून कर्जाची एक बेरीज लिहून थांबू नका. टेन-के या अमेरिकी वार्षिक अहवालातल्या कर्जाच्या टिपेतून प्रत्येक रोख्याचा दर, मुदत आणि तारण असा तक्ता काढा. एकूण कर्ज २०१९ अखेर साडेअकरा अब्जांच्या आसपास होते, २०२३ च्या सुरुवातीला ३५ अब्जांच्या वर गेले, २०२४ च्या वर्षअखेरीस साडेसत्तावीसवर आले.

२०२० च्या तोट्याबद्दलही सांगतो. त्या १०.२ अब्जांत गुडविल (कंपन्या विकत घेताना मालमत्तेच्या वर मोजलेली रक्कम) आणि जहाजांची पुस्तकी किंमत कमी केल्याचे जवळपास ४ अब्ज आहेत. तो तोटा खराच, पण त्या वर्षी खिशातून गेलेला पैसा नव्हे. रोख किती जळत होती हे हवे असेल तर २०२० च्या शेवटच्या तिमाहीत ती महिन्याला साधारण ५० कोटी डॉलर होती.

डेक_क्रमांक_९:
१०७ टक्क्यांचे उत्तर: हिशेबात प्रत्येक केबिनला दोनच माणसे धरतात, मग तिथे भिंतीतून उघडणारे तिसरे-चौथे बर्थ असले तरी. आई-वडील आणि दोन मुले एका केबिनमध्ये आली की ती केबिन २०० टक्के भरली. कार्निव्हलचे आकडे असे: २०१९ ला १०७, २०२१ ला ५६, २०२२ ला ७५, २०२३ ला १००, २०२४ ला १०५.

शंभरच्या वरचे हे पाच-सात टक्के दिसतात लहान, पण सगळी गंमत तिथेच आहे. जहाज निघाले की इंधन, खलाशांचा पगार, घसारा, विमा हे सगळे लागतेच, केबिन रिकामी असो वा भरलेली. तिसऱ्या प्रवाशामागे वाढतो तो जेवणाचा खर्च आणि बंदराचा माणशी कर. त्याचे भाडे कमी असते, पण तो बोटीवर पेये घेतो, किनाऱ्यावरच्या सहली घेतो, फोटो घेतो. ते जवळजवळ थेट नफ्यात उतरते. उलट ७५ टक्के भरलेल्या जहाजाचा खर्च जवळपास पूर्ण जहाजाचाच. २०२२ ला विक्री १२ अब्जांवर जाऊनही कामकाजाच्या पातळीवरच मोठा तोटा होता, त्याचे मुख्य कारण हेच. दुसरे इंधन. कार्निव्हल इंधनाचा भाव आगाऊ बांधून घेत नाही, रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन काही हिस्सा बांधतात. २०१९ ला टनाला ४७० डॉलरच्या आसपास असलेले इंधन २०२२ ला ७०० च्या वर गेले, त्याचा पूर्ण फटका कार्निव्हलने खाल्ला.

आता नुसती विक्री बघू नका, दर बर्थ-दिवसामागे बघा. अहवालात याला एएलबीडी म्हणतात: केबिनला दोन बर्थ, गुणिले जहाज प्रवासी घेऊन चालले ते दिवस. २०१९ ला असे ८.७४ कोटी दिवस, २०२४ ला साडेनऊ कोटींच्या आसपास. भागाकार केला की २०१९ ला दिवसाला २३८ डॉलर, २०२४ ला साधारण २६२. वाढ दहा टक्के. त्याच काळात अमेरिकेतली ग्राहक महागाई वीस टक्क्यांहून जास्त वाढली. म्हणजे महागाई वजा केली तर २०२४ चा ‘विक्रमी’ आकडासुद्धा बर्थमागे २०१९ च्या खालीच राहतो. वृत्तपत्रांत विक्रमी विक्री येते, त्यात जास्त बर्थ आणि महागाई दोन्ही मिसळलेली असतात.

एक सावधगिरी: २०२० आणि २०२१ साठी हा भागाकार करू नका. जहाजे नांगर टाकून उभी होती तेव्हा छेद इतका लहान होतो की बर्थमागचा खर्च भलताच निघतो. ती दोन वर्षे दरमहा जळालेल्या रोकडीनेच मोजायची.

भरती_ओहोटी:
आगाऊ रकमेचे मी सांगते. प्रवासी सहा महिने, वर्षभर आधी पैसे भरतो. सफर होईपर्यंत ती विक्री नसते, देणे असते. पण रोकड हातात आलेली असते आणि कंपनी ती वापरते. म्हणून चांगल्या काळात ही बिनव्याजी उधारी आहे आणि पुढच्या हंगामाच्या बुकिंगचा पुरावाही, त्यामुळे वाढली की कंपनी सांगत सुटते. वाईट काळात तीच उलटते. बुकिंग थांबते, परतावे मागायला लोक येतात, आणि कार्डाचे व्यवहार सांभाळणाऱ्या कंपन्या ‘आमच्याकडे राखीव रक्कम ठेवा’ म्हणून उरलेलीही अडकवतात. कार्निव्हलकडे २०१९ अखेर अशा रकमा पाच अब्जांच्या थोड्या खाली होत्या, २०२० अखेर २.२ अब्ज. आणखी घसरल्या नाहीत, कारण अनेकांनी रोख परताव्याऐवजी पुढच्या सफरीचे क्रेडिट घेतले. त्यासाठीच भरलेल्या रकमेपेक्षा जास्तीचे क्रेडिट देऊ केले जात होते. २०२४ अखेर हाच आकडा ६.८ अब्ज.

प्रकल्पात इथे हमखास चूक होते. २०२३ चा कामकाजातून आलेला रोखप्रवाह ४.३ अब्ज दिसतो आणि विद्यार्थी लिहितात, तोटा असूनही कंपनीने ४.३ अब्ज कमावले. तो उलगडा: घसारा (खर्चात धरतात, पण त्यासाठी रोकड जात नाही) सुमारे २.४, आणि त्या वर्षात वाढलेल्या आगाऊ रकमा सुमारे १.३. हे १.३ अब्ज प्रवाशांचे आहेत, त्यांना अजून फिरवून आणायचे आहे. तो भाग वेगळ्या रकान्यात दाखवा. मग त्यातून जहाजबांधणी आणि दुरुस्तीचा खर्च वजा करा. २०२४ ला कामकाजाचा रोखप्रवाह ५.९ आणि असा भांडवली खर्च ४.६ अब्ज. कर्ज फेडायला खरेखुरे उरते ते एवढेच, सव्वा अब्जाच्या पुढेमागे.

नोंदवही:
सगळ्यांचे आभार, तक्ता नव्याने मांडतोय. एक आकडा जुळत नाही. २०२४ चा नफा १.९२ अब्ज भागिले सरासरी १२७ कोटी समभाग, येतात १.५० डॉलर. बातम्यांत मात्र समभागामागे १.४४ आहे. माझे काय चुकले?

ताळेबंद:
काही चुकले नाही. १.५० हा मूळ आकडा, १.४४ हा परिवर्तनीय रोखे समभागांत बदलले असे धरून काढलेला. त्यात छेदात ते संभाव्य समभाग मिळवतात आणि त्या रोख्यांवरचे वाचणारे व्याज अंशात परत टाकतात. तुलनेसाठी दोन्ही वर्षांना दुसराच वापरा.

आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. २०१९ ला समभागामागे ४.३२ डॉलर होते, २०२४ ला १.४४, बरोबर एक तृतीयांश. निव्वळ नफा मात्र दोन तृतीयांशाच्या जवळ परत आलाय. मधला फरक नव्या समभागांचा: सरासरी ६९ कोटींवरून १२७ कोटी. शेजारी बाकीच्या दोघी ठेवा. नॉर्वेजियन: नफा ०.९३ अब्जांवरून ०.९१, म्हणजे जवळपास तेवढाच, पण समभागामागे ४.३० वरून १.८९. रॉयल कॅरिबियन: ८.९५ वरून १०.९४. तिघींनी एकाच वादळात कर्ज घेतले, पण रॉयल कॅरिबियनने समभाग कमी विकले, शिवाय कोकोके या खासगी बेटावरून आणि जानेवारी २०२४ ला आलेल्या आयकॉन ऑफ द सीजसारख्या जहाजांवरून चढे दर मिळवले. माझ्या मते ‘उद्योग सावरला’ असे एक वाक्य लिहूच नका. प्रवासी सावरले, कामकाज सावरले, ताळेबंद अर्धा सावरला, जुना भागधारक कंपनीगणिक वेगळा. या चार पायऱ्यांवर निष्कर्ष मांडा.

डेक_क्रमांक_९:
सहमत. प्रकल्पात भारतीय संदर्भ लागणार असेल तर मुंबईची जलेश क्रूझेस घ्या. एप्रिल २०१९ ला कर्णिका जहाज घेऊन सुरू झाली, ऑक्टोबर २०२० ला बंद, आणि जहाज अलंगला भंगारात. एकच जुने जहाज असताना बोजाविरहित ताफा तारण ठेवून दीड वर्ष काढायची सोयच नव्हती. दुसरी बाजूही आहे: रॉयल कॅरिबियनने त्याच काळात विकलेले एम्प्रेस ऑफ द सीज सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या नावाने मुंबईहून धावू लागले. मोठ्यांनी खर्च कमी करायला काढलेले जहाज कोणाची तरी सुरुवात ठरले.

भरती_ओहोटी:
तक्ता करताना वर्षे जुळवून घ्या. कार्निव्हलचे वर्ष ३० नोव्हेंबरला संपते, बाकी दोघींचे ३१ डिसेंबरला. त्यामुळे कार्निव्हलच्या २०२० मध्ये डिसेंबर २०१९ हा पूर्ण चांगला महिना आहे. बाकीच्यांच्या वर्षात तो नाही, त्यांच्याकडे त्याऐवजी बंद असलेला डिसेंबर २०२० येतो. तिमाही आकडे मिळवून कॅलेंडर वर्ष तंतोतंत बसत नाही, कारण कार्निव्हलच्या तिमाह्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरअखेर संपतात. तेव्हा आकडे आहेत तसेच ठेवा आणि तक्त्याखाली टीप द्या. शिवाय या वर्षांच्या अहवालांत कार्निव्हल कॉर्पोरेशन आणि कार्निव्हल पीएलसी अशी दोन नावे दिसली तरी हिशेब एकत्रच आहे, बेरीज करू नका.