‘फोटो दिलाच कशाला?’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गोदाकाठ: लातूरला क्लासला पोरी ठेवलेल्या पालकांच्या ग्रुपवर काल सल्ला फिरला: खाजगी फोटो बाहेर आला तर सगळं डिलीट करा, सिम मोडा, पोरीला गावाकडं आणा, पोलिसात जाऊ नका; तिनं फोटो दिलाच कशाला? वाचून राहवलं नाही. चॅट उडवलं की पुरावा गेला आणि पसरवणारा मोकळा. न्याय संहितेचं कलम ७७ स्वच्छ सांगतं, फोटो काढू द्यायला संमती असली तरी दुसऱ्याला पाठवायला नसेल, तर पाठवणं गुन्हाच. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं.

उदगीरकर: तो सल्ला मीच टाकलाय. कलमं सांगायला काय जातंय? ठाण्यात गेलं की ‘सायबरला जा’. सायबरला गेलं की ‘पीआय साहेब नाहीत’. तोवर फोटो सगळ्या तालुक्यात. नाव पोरीचं खराब होतं, त्याला शिक्षा कवा?

वकीलताई, बीड: आयटी कायद्याच्या कलम ७८ नं तपास पीआय किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो. तक्रार लिहून घ्यायला पीआय लागत नाही, हद्दही आडवी येत नाही. नाही म्हणाले तर तोच अर्ज पोस्टानं एसपींना, तिथंही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडं.

आणि दादा, अकरावी-बारावीची पोरगी बहुधा अठराच्या आतली. तिथं पोक्सो, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणारा कायदा, लागतो. माहीत असून न कळवणं हाच कलम २१ खाली गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद. तुमचा सल्ला पाळणारा बाप स्वतः अडकेल. तो फोटो पुरावा म्हणून नातेवाइकांना पाठवू नका, कॉप्याही काढू नका. आहे त्या फोनमध्ये राहू द्या आणि फोन पोलिसांना दाखवा.

जालनेकर: हे सगळं नंतरचं. आधी ग्रुप अ‍ॅडमिनला आत टाका, बघा कसं फॉरवर्ड थांबतं.

वकीलताई, बीड: नाही टाकता येत. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की समान हेतू किंवा आधीचं संगनमत नसेल, तर सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी अ‍ॅडमिन जबाबदार नाही.

जालनेकर: म्हणजे दोनशे माणसांत पोरीची अब्रू जाताना त्यानं नुसतं बघत बसायचं? असला कायदा काय कामाचा!

गोदाकाठ: आवाज चढवून काय होणार? अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, ते त्यानं करावंच. पण आधी पाठवणाऱ्याची माहिती उघडून पूर्ण नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. नंबर सेव्ह असला की चॅटमध्ये नुसतं ‘पप्पू मेस’ दिसतं, त्यावरून नंबर सिद्ध होत नाही. फॉरवर्ड करणाऱ्यांनीही ‘मी काढला नाही’ म्हणू नये. लैंगिक कृत्याचा फोटो पाठवणं आयटी कायद्याच्या कलम ६७अ मध्ये बसतं, पहिल्यांदाच पाच वर्षांपर्यंत.

इन्स्टा-फेसबुकला क्रम असा: लिंक, यूजरनेम, तारीख-वेळ टिपा, मग रिपोर्ट करा. आधी रिपोर्ट केला तर पोस्ट उडते आणि हातात काही राहत नाही. असा फोटो तक्रारीनंतर २४ तासांत काढावा, असं २०२१ च्या आयटी नियमांनीच बजावलं होतं. तिच्या वतीनं दुसराही तक्रार करू शकतो. एफआयआरसाठी थांबायची गरज नाही.

परभणी_पूर्णा: असे फोटो पसरू नयेत म्हणून ऑनलाइन सेवा आहेत: वय अठराच्या वर असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ वापरा, आत असेल तर ‘टेक इट डाऊन’. फोटोचा डिजिटल ठसा फोनवरच तयार होतो आणि फक्त तोच पुढं जातो. पण फोटो कापून-छाटून टाकला तर ठसा जुळेलच असं नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या खाजगी चॅटमध्ये याचा उपयोग नाही. आणि फोटो पोराचा असला तरी कायदा आहेच. कलम ७७ बाईपुरतं असलं तरी आयटी कायद्याचं ६६ई (खाजगी अवयवाचा फोटो संमतीशिवाय पसरवणं) आणि ६७अ सगळ्यांना आहे.

उदगीरकर: बरं, सिम मोडायचं काढून टाकतो. पोक्सोचंही ध्यानात घेतलं. बाकी मला पटलेलं नाही. रात्री तालुक्याच्या ठाण्यात पोरीनं पुरुष हवालदारासमोर हे बोलायचं?

वकीलताई, बीड: नाही बोलायचं. कलम ७७ ची माहिती महिला पोलीस अधिकारी किंवा कोणत्याही महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची, असं नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तक्रार-तपासाची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याच्या, कलम १७३ मध्येच आहे. ‘बाई नाहीत, उद्या या’ म्हणाले तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.