दुकानातला जुना पीसी: विंडोज १०, लिनक्स की सगळं ब्राउझरमध्येच?

गिरणगाव_डीटीपी:
लालबागला माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे, पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, बॅनर, वर्षाचं निम्मं काम गणपतीआधीच्या दोन महिन्यांतच होतं. पीसी आय५ सहाव्या जनरेशनचा, ८ जीबी रॅम, हार्ड डिस्क जुनीच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ह्याच्यावर चढत नाही, प्रोसेसर जुना म्हणतं. भाचा म्हणतो मामा आता सगळं वेबवर होतं, स्वस्तातलं क्रोमबुक घे, म्हणजे ब्राउझरवरच चालणारा लॅपटॉप, आणि ओएसचा, म्हणजे विंडोज की आणखी काही ह्याचा, विचारच सोड. पण माझ्याकडे पंधरा वर्षांच्या कोरलच्या (डिझाइनचं सॉफ्टवेअर) फायली आहेत, सगळ्या श्रीलिपीत, म्हणजे जुन्या मराठी फाँटात, मंडळवाले येतात आणि म्हणतात मागच्या वर्षीचंच काढा फक्त खजिनदाराचं नाव बदला. गेल्या पावसाळ्यात तीन दिवस नेट नव्हतं तेव्हा कोरल मशीनवर होतं म्हणून काम निघालं. काय करू?

ठाणे_स्लो:
भाच्याचं ऐकू नका, निदान बॅनरच्या बाबतीत तरी. हिशोब करून बघा, १० बाय ६ फुटाचा बॅनर १०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १०० ठिपके धरून, १२००० बाय ७२०० पिक्सेल, सीएमवायकेत (छपाईचे चार रंग) प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, उघडी फाइल जवळपास ३४५ एमबी झाली. एवढीच्या एवढी १० एमबीपीएसच्या अपलोडने चढवायला साडेचार मिनिटं, आणि गिऱ्हाईक समोर उभं राहून लोगो जरा डावीकडे घ्या सांगणार. आणि वेब अ‍ॅप म्हणजे सगळं काम तिकडे होतं असं नाही हो, ब्राउझर तुमचीच रॅम आणि तुमचाच प्रोसेसर वापरतो, ४ जीबीच्या क्रोमबुकवर दहा टॅब उघडले की तेही रांगायला लागतं. तुमचा पीसी मुळात स्लो नाहीये, हार्ड डिस्क स्लो आहे. तिच्या जागी एसएसडी टाका, ती जास्त वेगाने चालते.

बोरिवलीची_ताई:
मी घरी आणि ऑफिसात लिनक्स मिंट वापरते, विंडोजच्या जागी चालणारी फुकटची ओएस, मनापासून आवडतं, तरी दादा तुमच्या मेन मशीनवर ते टाका असं मी सांगणार नाही. कोरल लिनक्सवर येत नाही. इंकस्केप नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर कोरलची सीडीआर फाइल उघडतं पण मांडणी हलते, आणि तुमचे जुने फाँट युनिकोड (सगळीकडे चालणारी एकच अक्षरपद्धत) नाहीत, म्हणजे आत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणं बसवलेली, तो फाँट नसेल तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी अगम्य काहीतरी दिसतं. त्यामुळे तुमच्यासाठी ओएस म्हणजे ज्यावर ह्या फायली उघडतात ते, बाकी सगळं नंतर.
विंडोज १० ला घरगुती वापरासाठी सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळतात, सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचं. २०२६ चे गणपती १४ सप्टेंबरला आहेत, सीझन त्यात निघून जाईल. त्यानंतर ह्या पीसीची नेटची वायर काढा, फाइल पेनड्राइव्हने न्या, आणि मेल, व्हॉट्सअ‍ॅप, जीएसटीसाठी एखादा जुना लॅपटॉप घेऊन त्यावर मिंट टाका, त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, आधी प्रिंटर ओळखतो का ते पाहा.
एक कळकळीने सांगते, नवीन कामं आजपासून युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटातला मजकूर शोधता येत नाही, मोबाइलवर पाठवता येत नाही, आणि ते सॉफ्टवेअर गेलं की पंधरा वर्षांचं काम वाचायचं कसं? अहवालांची पीडीएफ तरी काढून ठेवा.

मंडळाचा_कार्यकर्ता:
भाच्याची थोडी बाजू घेतो. वर्गणीची यादी आम्ही वेबवरच्या शीटमध्ये ठेवतो, पाच पोरं पाच चाळींत फिरतात आणि रात्री बेरीज तयार असते. एका पीसीवरच्या फाइलीत हे जमलंच नसतं. जिथे माणसं अनेक तिथे वेब, जिथे फाइल जड तिथे आपलं मशीन.

गिरणगाव_डीटीपी:
ताई, ठाणेकर, खूप आभार. फाँटचं वाचून पोटात गोळाच आला, आज रात्रीपासून पीडीएफ काढायला बसतो. शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन एसएसडी घेतो. एकच, विंडोज नव्याने टाकायचं की आहे तसं उचलून?

ठाणे_स्लो:
आहे तसं, क्लोन करून घ्या, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर. नव्याने टाकलंत तर कोरल आणि श्रीलिपीची लायसन्स पुन्हा बसवत बसाल. आणि जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट करू नका, तारीख लिहून कपाटात ठेवा.