अनुभव धागा: अभियांत्रिकीची पदवी आणि वकिलीची सनद

अभियांत्रिकीनंतर तीन वर्षांचा एलएलबी अभ्यासक्रम करून वकिलीत आलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मंडळींनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत. खुल्या प्रवर्गाला पदवीत किमान ४५ टक्के गुण लागतात, ही माहिती सहज मिळते; त्यापुढचे मात्र या वाटेने गेलेल्यांनीच सांगावे.

स्थापत्य अभियंता, खानापूर
मी रस्त्यांच्या कामांवर साइट इंजिनिअर होतो. आज माझ्याकडे येणारे बहुतेक दावे ठेकेदारांच्या थकलेल्या बिलांचे किंवा बांधाच्या हद्दीचे असतात. न्यायालयाने नेमलेल्या कमिशनरचा मोजणी अहवाल आणि नकाशा समोर आला, की त्यातील विसंगती मला लवकर दिसते. मोजमाप पुस्तकातील (साइटवर झालेल्या कामाच्या मापांच्या वहीतील) नोंद आणि बिलातील परिमाण जुळत नसेल, तर साक्षीदाराला नेमके काय विचारायचे, हेही आधीच सुचते. लवादाच्या कामात तर कायद्याइतकेच महत्त्व निविदेतील अटींना असते, आणि त्या मी साइटवर असतानाच वाचत आलो होतो.

माझी खरी कसोटी भाषेने घेतली. शिक्षण मराठी माध्यमातून, नंतर इंग्रजीतून झाले; तालुका न्यायालयात मात्र साक्षी-पुरावे कन्नडमध्ये नोंदवले जातात. आमच्या सीनियरांनी मला रोज कन्नड दावे हाताने उतरवून काढायला लावले, आणि त्या शिस्तीबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. उलट, १९५६ पूर्वीच्या मुंबई राज्यातील जमिनीचे मराठी कागद निघाले, की इतर वकीलही माझ्याकडे येतात. मोडी येत असेल, तर ती टिकवावी.

यंत्र अभियंता, बेळगाव
उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत पंपांच्या डिझाइनचे काम करताना मी पेटंट एजंटची, म्हणजे इतरांचे पेटंट अर्ज तयार करून दाखल करणाऱ्याची, परीक्षा दिली. तिला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी चालते, कायद्याची लागत नाही. कर्नाटकातील अर्जदारांचे अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. अर्जातील दावे, म्हणजे शोधातील नेमक्या कशावर हक्क हवा ती कलमे, लिहिणे हे माझ्या मते अभियंत्याचेच काम आहे; उल्लंघनाचा खटला न्यायालयात चालवायचा असेल, तर मात्र सनद हवीच. म्हणून पुढे मी एलएलबी केले.

संगणक अभियंता, निपाणी
नोकरी सांभाळून हे सारे जमेल का, असे मुली मला विचारतात. बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार वर्गातील हजेरी आवश्यक आहे, आणि पूर्णवेळ पगारी नोकरीत राहून वकिली करता येत नाही. सनदेचे शुल्क सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालानंतर खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. खरा खर्च ज्युनिअरशिपच्या काळात घर चालवण्याचा असतो. माझ्या सासूबाईंनी तो भार उचलला, म्हणून मी उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापर्यंत पोहोचले. आता मोबाइलमधील संदेश पुरावा म्हणून दाखल करताना लागणारे प्रमाणपत्र, हॅश मूल्यासह (फाइलमध्ये फेरफार झाला नाही, हे पडताळण्याच्या सांकेतिक अंकासह), मी स्वतः तपासते आणि ते दाखल करण्यापूर्वीच त्यातील उणीव पक्षकाराला सांगते.