मदत हवी आहे: 'पास आउट' लिहू की नको? (तातडीचं)

चिंगी_नगरकर: परदेशी कॉलेजच्या अर्जासोबत एसओपी (स्वतःबद्दलचं निवेदन) द्यायची असते, त्यात पहिलंच वाक्य आहे, 'आय पास्ड आउट इन 2021'. मावसबहीण म्हणते काढून टाक, तिकडे हसतील. का ते सांगितलं नाही, फोनच ठेवून दिला. आमच्याकडे तर सगळे हेच लिहितात. आज रात्री अर्ज पाठवायचाय. पटकन सांगा.

धोंडोपंत: तिकडे म्हणजे कुठे? आणि पास आउट कशातून?

आंबटगोड: अमेरिका असो की इंग्लंड, पास आउट होणं म्हणजे शुद्ध हरपणं. उन्हानं, रक्त बघून, नाहीतर दारूनं. 'ही पास्ड आउट ऑन द सोफा' म्हणजे गडी ढोसून सोफ्यावर आडवा. 'ग्रॅज्युएटेड' लिहा, विषय संपला.

माजी_सुभेदार: संपला कसा? खडकवासल्याला एनडीएची पासिंग आउट परेड होते ती काय बेशुद्ध पडायला? हा शब्द इंग्रजांच्याच फौजेतला आहे.

आंबटगोड: काका, मे महिन्यातल्या परेडला पडतही असतील एखाददोन. फौजेचं प्रशिक्षण संपलं की तिकडेही पास आउटच म्हणतात, मान्य. कॉलेजला लावतो ते आपण.

भाषाभगिनी: मग लावलं तर बिघडलं कुठे? 'प्रीपोन' (ठरल्या वेळेच्या आधी घेणं) आपणच रुळवला, आज ऑक्सफर्डच्या कोशात आहे. किती दिवस लाजायचं?

आंबटगोड: लाजू नका. पण प्रवेश कोश देत नाही, समोर बसलेला माणूस देतो.

पुणेरी_पाटी: आयईएलटीएसचा (इंग्रजीच्या परीक्षेचा) निकाल दोनच वर्षं चालतो. तारीख बघून घ्या.

चिंगी_नगरकर: ते कोणी विचारलंय? कॅनडा. मेकॅनिकल डिप्लोमा केलाय.

धोंडोपंत: डिप्लोमा! अहो ताई, हे आधी सांगायचं ना. 'ग्रॅज्युएटेड' एवढंच लिहिलंत तर पदवी कुठंय म्हणून विचारतील. उत्तर अमेरिकेत बारावी झालेलाही 'ग्रॅज्युएट' होतो, ब्रिटनमध्ये पदवीधरच. सरळ लिहा: 'आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन मेकॅनिकल इंजिनिअरिंग इन 2021'. आणि पुढे कुठे 'पास्ड आउट फ्रॉम' असेल तर तेही शोधून काढा.

माजी_सुभेदार: आमच्या वेळी नुसतं 'पास' लिहायचे. भागायचं.

चिंगी_नगरकर: बदललं, धन्यवाद. दुसऱ्या परिच्छेदात 'आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स' आहे, ते तरी चालेल ना?

आंबटगोड: अख्खी एसओपीच टाका इथे.